सिंकच्या नळीतला स्युडोमोनास : एका अतिदक्षता विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातलं आहे. ओळख पटू नये म्हणून संस्था, ठिकाण आणि तारखा गाळल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. विभागात बारा खाटा. दर दोन खाटांमध्ये हात धुवायला एक सिंक आणि औषधं भरायच्या ओट्याला लागून आणखी एक, असे एकूण सात सिंक.

काही महिन्यांच्या काळात इथल्या चार रुग्णांच्या नमुन्यांत एकच जंतू सापडला: कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्युडोमोनास एरुजिनोसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या यादीत तो सर्वांत गंभीर गटात होता. २०२४च्या सुधारित यादीत तो एक पायरी खाली, ‘उच्च’ प्राधान्याच्या गटात आला. ज्या विभागात तो मुक्काम ठोकून बसतो, त्या विभागाला या पायरीचा दिलासा नसतो.

या जंतूकडे व्हीआयएम नावाचं विकर (एन्झाइम) होतं. जस्ताच्या मदतीने ते बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिन आणि कार्बापेनेम ज्यात येतात त्या, औषधांचं कडं फोडतं. त्यामुळे कार्बापेनेम गटातलं मेरोपेनेम तर सोडाच, सेफ्टाझिडिम-एव्हिबॅक्टमची जोडगोळीही त्याच्यापुढे चालत नाही. उरतं कोलिस्टिन, जे मूत्रपिंडाला जड जातं, किंवा सेफिडेरोकॉलसारखं नवं औषध, जे हव्या त्या वेळी हाताशी असेलच असं नाही. चौघांपैकी दोघांना प्रत्यक्ष संसर्ग झाला होता. उरलेल्या दोघांच्या अंगावर जंतू नुसता वस्तीला होता.

अडचण

सुरुवातीला संशय गेला हातांवर. हात स्वच्छ करण्याची शिस्त तपासली, व्हेंटिलेटरच्या नळ्या तपासल्या, सक्शनच्या बाटल्या तपासल्या. कुठे काही लागलं नाही. दरम्यान जनुकीय तपासणीचा अहवाल आला आणि चारही जंतू एकाच कुळातले निघाले.

मग कोणीतरी चौघांच्या भरतीच्या तारखा एका कागदावर शेजारी-शेजारी मांडल्या. दुसरा रुग्ण घरी गेल्यावर तब्बल सात आठवड्यांनी तिसरा आला होता. मधल्या काळात विभागातल्या एकाही रुग्णात हा जंतू नव्हता. माणसाकडून माणसाकडे जाणारा जंतू सात आठवडे हवेत तरंगत थांबत नाही. तो विभागातच कुठेतरी ओलाव्यात राहत असणार. तो कागद पहिल्याच आठवड्यात मांडायला हवा होता.

सिंकच्या जाळीवरून स्वॅब घेतले तेव्हा एक सिंक सदोष आढळला, म्हणजे तिथे हा जंतू सापडला. ट्रॅपमधलं, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या नळीत साचून राहणारं पाणी नळीने ओढून तपासलं तेव्हा सातपैकी पाच. जाळी वाळते, ट्रॅप कधीच वाळत नाही. जाळीचा एकच स्वॅब घेऊन ‘सिंक स्वच्छ आहे’ असं लिहिणारे अहवाल मी बरेच पाहिले आहेत. त्यांचा अर्थ एवढाच की जाळी त्या दिवशी कोरडी होती.

ट्रॅपमधला जंतू रुग्णापर्यंत पोचतो कसा, याचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने २०१७मध्ये दिलं. त्यांनी हिरवा चमकणारा ई. कोलाय ट्रॅपमध्ये सोडला आणि वर पोषक द्रव ओतत राहिले. बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, नळीच्या भिंतीवरून दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर वेगाने वर चढली. ती जाळीशी पोचेपर्यंत बाहेर काही उडालं नाही. पोचल्यावर मात्र नळ सोडताच थेंबांबरोबर जंतू पाऊण मीटरपर्यंत फेकले गेले. या विभागात ओट्याजवळच्या सिंकपासून सिरिंजचा ट्रे हातभर अंतरावर होता.

पहिला उपाय आणि त्याने दिलेला चकवा

रुग्णालयात जंतुनाशक म्हटलं की हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. तपास करणाऱ्या पथकाने रोज रात्री प्रत्येक सिंकमध्ये १ टक्का हायपो ओतायला सुरुवात केली. आठवड्याने ट्रॅपचे नमुने घेतले, सगळे निर्दोष आले. विभागाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पाचवा रुग्ण सापडला, तोच जंतू घेऊन.

घोळ नमुन्यात होता. ट्रॅपमधून काढलेल्या पाण्यात हायपोचा अंश शिल्लक होता, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बाटलीतल्या मोकळ्या जंतूंना मारत राहिला. क्लोरीन वापरलेल्या ठिकाणचा नमुना घेताना बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. ते उरलेलं क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ करतं. थायोसल्फेट घालून आणि नळीची आतली भिंत खरवडून पुन्हा नमुने घेतले. पाचच्या पाच सिंक जसेच्या तसे.

हायपो का हरला, याचं कारण रसायनात आहे. बायोफिल्म म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर: अल्जिनेटसारख्या शर्करा, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए. क्लोरीनला यातल्या प्रत्येकाशी अभिक्रिया करायची घाई असते. पाहुण्याने आणलेला खाऊ दारातच वाटून टाकावा आणि आत रिकाम्या हाताने पोचावं, तशी त्याची गत होते. १९९४मध्ये सूक्ष्म विद्युतअग्राने बायोफिल्मच्या आतलं क्लोरीन मोजलं गेलं तेव्हा ते बाहेरच्या द्रावणाच्या बहुधा २० टक्के किंवा त्याहूनही कमी भरलं, आणि एक-दोन तासांतही आतलं-बाहेरचं प्रमाण सारखं झालं नाही. इथे तर द्रावण नळीतून काही सेकंदांत वाहून जात होतं. ट्रॅपमध्ये थांबायचं ते तिथल्या पाण्याने पातळ होऊनच.

या टप्प्यावर पथकात एक गैरसमज होता, तो नोंदवायला हवा. ‘जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाही, म्हणून जंतुनाशकालाही देत नाही’ असं अनेकांना वाटत होतं. या दोन गोष्टींचा तसा संबंध नाही. व्हीआयएम विकर बीटा-लॅक्टम फोडतं, क्लोरीनशी त्याला देणंघेणं नाही. तोच स्युडोमोनास नुसत्या पाण्यात मोकळा तरंगत असता तर हायपोने काही मिनिटांत मेला असता. इथे त्याला वाचवत होता थर, आणि थराच्या तळाशी मंद गतीने जगणाऱ्या पेशी.

समोर असलेले पर्याय

पथकात एक तरुण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. बायोफिल्मवरच्या नव्या रसायनांचं तिचं वाचन दांडगं होतं आणि तिने यादी मांडली. त्या बैठकीतली चर्चा या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला गट जंतूंचा आपापसांतला संवाद तोडणाऱ्या रेणूंचा. स्युडोमोनास आपली संख्या किती झाली हे रासायनिक संकेतांवरून ओळखतो आणि मग थर पक्का करतो. डेलिसिया पल्क्रा या लाल सागरी शेवाळात असे संकेत गोंधळवणारे हॅलोजनयुक्त फ्युरॅनोन सापडले आणि त्यावरून प्रयोगशाळेत अनेक रेणू घडवले गेले. सागरी स्पंजातल्या संयुगांवरून बेतलेले २-अमिनोइमिडाझोल हे दुसरं घराणं. ते जंतूला मारत नाहीत, थर धरू देत नाहीत आणि काही वेळा जंतूला प्रतिजैविकापुढे पुन्हा हतबल करतात. दोन्हींवरचं काम सुंदर आहे. पण नळीत ओतायला लिटरच्या मापात मिळेल असं त्यातलं काही नव्हतं.

दुसरा गट थर विखुरणाऱ्यांचा. नायट्रिक ऑक्साइड अगदी नॅनोमोलर प्रमाणातही स्युडोमोनासमधलं सायक्लिक-डाय-जीएमपी, म्हणजे पेशीच्या आतला एक निरोप्या रेणू, कमी करतं, आणि हा संदेश उतरला की जंतू थर सोडून पोहायला लागतात. त्याने थर विखुरतो हे २००६मध्ये दाखवलं गेलं. माणसाच्या फुप्फुसात याचा उपयोग होऊ शकतो, कारण मोकळ्या झालेल्या जंतूला गाठायला रक्तातून प्रतिजैविक येत असतं. नळीत त्याला गाठायला कोणी नाही. पथकप्रमुखांनी विचारलं, “जाळीखाली बसलेला जंतू सुटा करून आपण त्याला कुठे पाठवणार?” हा पर्याय तिथेच मिटला. थर विरघळवणाऱ्या विकरांचंही तेच. बाह्य डीएनएशिवाय स्युडोमोनासचा थर नीट धरत नाही हे २००२पासून ठाऊक आहे, पण डीएनए तोडणारं विकर जंतूला मारत नाही.

तिसरा गट धातूंच्या वाटेने जाणारा. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेतं, त्यामुळे अल्जिनेटची वीण सैल होते. गॅलियम लोहासारखं दिसतं, जंतू त्याला लोह समजून आत घेतो आणि फसतो, कारण लोहासारखी इलेक्ट्रॉनची देवघेव त्याला पेशीच्या आत जमत नाही. ईडीटीएचा विचार इथे थोडा पुढे गेला होता. रुग्णांच्या कॅथेटरमध्ये भरून ठेवायच्या द्रावणात त्याचा वापर होतो. पण एकट्याने नळी निर्जंतुक होईल याची खात्री कोणी देईना.

मग राहिले दोन. परॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस: फेस भिंतीला चिकटून राहतो, म्हणून ट्रॅपच्या वरच्या उभ्या नळीतही काम करतो, आणि शेवटी ॲसेटिक आम्ल, पाणी व ऑक्सिजन उरतो. अडचण वासाची. खाटेपासून दोन मीटरवर, फुप्फुसं आधीच आजारी असलेल्या माणसाजवळ तो रोज फवारायचा, हे आयसीयूच्या डॉक्टरांना पटलं नाही.

दुसरा, साधं ॲसेटिक आम्ल. व्हिनेगरमध्ये असतं तेच, पण २४ टक्के, म्हणजे व्हिनेगरच्या पाचपट किंवा अधिक. २०१६मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णालयाचा अनुभव प्रसिद्ध झाला होता: असाच धातु-विकर बाळगणारा स्युडोमोनास, सिंक आणि नळ्या बदलूनही परत येणारा, आणि आठवड्याला एकदा २४ टक्के आम्ल ओतल्यावर आटोक्यात आलेला. नव्याच्या यादीत हे सर्वांत जुनं रसायन. तरुण सहकारी थोडी हिरमुसली, पण कारणमीमांसा तिनेच केली. ॲसेटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचवर त्याचे निम्मे रेणू विघटित असतात तो आकडा, ४.७६. चोवीस टक्क्यांच्या द्रावणाचा पीएच २च्या आसपास, त्यामुळे जवळपास सगळे रेणू अविघटित, विद्युतभाराविना. असा लहान, भाररहित रेणू थरातल्या शर्करांशी भांडत बसत नाही. तो आरपार जातो, पेशीच्या पटलातूनही जातो, आणि आतल्या उदासीन पीएचवर पोचला की फुटून पेशी आम्लाने भरून टाकतो. क्लोरीन वाटेतच संपतं. हे वाटेत संपत नाही.

सिंकच काढून टाकायचे, हाही पर्याय होता. नेदरलँड्समधल्या नायमेगन इथल्या आयसीयूने तसं करून दाखवलं आणि ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंची (स्युडोमोनास याच गटातला) वस्ती घटली, हे २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. इथे विभाग बंद ठेवून बांधकाम करणं शक्य नव्हतं. शिवाय जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच लागतं.

काय केलं

पाचही सदोष सिंकांची जाळी, उभी नळी आणि ट्रॅप नवे बसवले. जुन्या नळीतल्या मुरलेल्या थरावर आम्ल ओतण्यापेक्षा कोवळ्या थरावर ओतलेलं बरं, हा हिशेब. मग सातही सिंकांत आठवड्यातून एकदा, सर्वांत कमी वर्दळीच्या वेळी, एक लिटर २४ टक्के आम्ल. एक लिटर एवढ्यासाठी की ट्रॅपमधलं साचलेलं पाणी पुढे ढकललं जावं आणि आत राहील ते बऱ्यापैकी घट्ट आम्ल असावं. जाळीच्या कडेने गोल फिरवत सावकाश ओतायचं, म्हणजे उभ्या नळीची भिंत सगळीकडून भिजते. अर्धा तास नळ बंद, मग बारीक धारेने भरपूर पाणी.

खरी धास्ती वेगळीच होती. हायपोवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. महिनाभर रोज रात्री हायपो ओतायची सवय हातांना लागलेली. विभागातून हायपोचा साठा हलवला, प्रत्येक सिंकवर सूचना लावली, पहिल्या मात्रेआधी दोन दिवस नुसतं पाणी सोडलं. तरी आदल्या संध्याकाळी फेरी मारताना एका सिंकखाली अर्धी भरलेली हायपोची बाटली सापडलीच; रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यापर्यंत बदल पोचला नव्हता. त्यानंतर पथकाने नियम केला की आम्ल ओतणारी व्यक्ती आधी खाली वाकून सिंकखाली बघेल, मग झाकण उघडेल. तीव्र आम्ल पातळ करायचं काम विभागात न ठेवता औषधनिर्माण विभागाकडे दिलं: पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही, जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा.

त्याच आठवड्यात आणखी दोन बदल झाले. उरलेलं सलाइन, डेक्स्ट्रोज, नळीने द्यायचा आहार सिंकमध्ये ओतणं बंद. हे सगळं खालच्या जंतूंचं जेवण होतं. आणि औषधांचा ओटा सिंकपासून दूर सरकवला, मध्ये उभी पट्टी बसवली.

निष्पत्ती

या वेळी नमुने पुढच्या मात्रेच्या अगदी आधी घेतले, म्हणजे आम्लाचा परिणाम सर्वांत क्षीण असताना, आणि बाटलीत आम्ल उदासीन करणारं बफर होतं. सहा सिंक सलग तीन महिने निर्दोष राहिले. सातवा, भिंतीकडचा, सहाव्या आठवड्यात पुन्हा सदोष झाला. मात्रा दुप्पट केली. दोन आठवडे निर्दोष, मग पुन्हा तेच.

प्लंबरने भिंत फोडल्यावर उलगडा झाला. भिंतीपलीकडच्या स्वच्छताखोलीच्या सिंकची नळी याच आडव्या नळीला जोडलेली होती, आणि तिला उतार जवळजवळ नव्हता. पाणी तिथे साचून राहत होतं. ट्रॅपच्या पलीकडचा तो भाग आम्लाच्या वाटेत असूनही आम्ल तिथे थांबत नव्हतं, आणि पलीकडच्या सिंकमध्ये तर कोणी काही ओततच नव्हतं. इथे रसायनाचा इलाज नव्हता. विभागातला हा सातवा सिंक काढला आणि नळी मुख्य वाहिनीलगत कापून बंद केली, कारण मध्ये आंधळा तुकडा ठेवला असता तर पाणी त्यात साचून सगळं पुन्हा सुरू झालं असतं.

पुढच्या आठ महिन्यांत या कुळाचा जंतू एकाही नव्या रुग्णात आढळला नाही. कार्बापेनेमला न जुमानणारा एक स्युडोमोनास मधे सापडला, पण तो दुसऱ्या कुळाचा होता आणि रुग्ण भरती झाल्या दिवशीच्या नमुन्यात होता. पाचही रुग्णांपैकी मृत्यू एकाचा झाला; मूळ आजार इतका गंभीर होता की जंतूचा वाटा किती, हे सांगणं डॉक्टरांना शक्य झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

श्रेय आम्लाला द्यायचं का? नळ्या बदलल्या, आम्ल सुरू केलं, जेवण तोडलं, ओटा हलवला: चारही गोष्टी एकाच आठवड्यात. त्यातलं कशाने काम झालं हे या प्रकरणातून कळत नाही, आणि जो कळतं म्हणेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. रुग्ण आजारी पडत असताना एकेक बदल करून वाट पाहणं योग्य झालं नसतं, हे मान्य. पण रुग्णांपासून लांबच्या, न बदललेल्या दोन सिंकांत आम्ल न ओतता पाहता आलं असतं. ते दोन्ही सुरुवातीपासून निर्दोष होते, म्हणून निदान आम्लाविना नवा थर धरतो का, एवढं तरी दिसलं असतं.

थायोसल्फेटचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. निर्दोष अहवालांमुळे पथक तीन आठवडे निर्धास्त राहिलं आणि त्याच काळात पाचवा रुग्ण बाधित झाला. नमुना कसा घ्यायचा हे रसायन निवडतानाच ठरायला हवं. प्रत्येक रसायनाचा उतारा वेगळा असतो. भिंतीतल्या नळ्यांचा नकाशाही पहिल्याच दिवशी मागवायला हवा होता. तो देखभाल विभागाच्या कपाटात होता.

आणि धातू. नव्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या, त्यांना काही झालं नाही. न बदललेल्या एका सिंकच्या पितळी जोडावर मात्र चौथ्या महिन्यात हिरवट-निळी पूड धरली. ॲसेटिक आम्ल तांब्याला खातं, ते हेच. जोड गळायच्या आत लक्षात आलं आणि बदलला. अशा विभागाने आम्ल हाती घेण्याआधी सिंकखाली विजेरी घेऊन प्रत्येक जोड कशाचा आहे हे लिहून काढावं.

आम्ल कधी थांबवायचं, यावर पथकात अजून दोन मतं आहेत. थांबवलं तर खोलवरचा उरलासुरला थर पुन्हा वर चढेल, ही एक भीती. वर्षानुवर्षं ओतत राहिलं तर आम्ल सहन करणारे दुसरे जंतू आणि बुरशी जागा घेतील, ही दुसरी. तूर्त दोन सिंकांवर अंतर पंधरवड्याचं करून, दर मात्रेआधी नमुना घ्यायचं ठरलं आहे. औषधांच्या ओट्याजवळचा सिंक यातून वगळला आहे. तिथली आठवड्याची मात्रा चालूच राहील.